चंद्रप्रकाशचा प्रश्न

लता हिवराळे यांना मी शंभरपैकी एकतीस गुण दिले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्यांच्याविषयी जे बोलणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई पहिल्यापासूनच मोठ्या मनाची होती. मी नव्हते. एकतीस दिले, आणि तेसुद्धा हात सैल सोडून दिले अशी माझी समजूत होती.

मी जानकी घाडीगावकर. घाटकोपरला एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि वक्तृत्व स्पर्धांची परीक्षक म्हणून मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत हिंडले. स्टेजवर पोरगं उभं राहून 'माननीय अध्यक्ष' म्हणालं की तेवढ्यावरून मी त्याचं घर, आईबाप, शाळा सगळं ओळखायचे. 'पाणी'चं 'पानी' केलं की दोन गुण गेले. मध्येच अडखळलं की एक गेला. घंटा वाजल्यावर बोलत राहिलं की आणखी दोन. बाकीचे शिक्षक माझ्यामागे मला 'कात्रीबाई' म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

तशी मी कुणी पेशव्यांच्या घराण्यातली नाही. माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात मागावर होते आणि घरात मालवणीशिवाय दुसरं काही कानावर पडत नसे. पाचवीत मी वर्गात उभी राहून "माका येता, बाई" म्हणाले आणि अख्खा वर्ग खो खो हसला. आमच्या बाई मात्र हसल्या नाहीत. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवून त्यांनी मला बोलायला शिकवलं. त्यांचे उपकार मी आजही मानते. त्यांनी शिकवलं ते मला हसणाऱ्यांपासून वाचवायला. मी मात्र मोठी होऊन हसणाऱ्यांच्याच बाकावर जाऊन बसले, आणि हे लक्षात यायला वयाची सहासष्ट वर्षं जावी लागली.

माझा नवरा चंद्रप्रकाश. कॉलेजातली ओळख, त्यामुळे आमचं अजून अरे-तुरेच आहे. विमा कंपनीत नोकरी, युनियनचं काम, आणि कुठल्याही सभेत हात वर करून प्रश्न विचारणं हा जन्माचा छंद. सोसायटीच्या वार्षिक सभेत तो उठला की सेक्रेटरी आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय काठीच्या आधारानं कसाबसा चालतो, आणि बोलणं गेलं. उरला एकच शब्द, मंगळवार. चहा हवा, मंगळवार. पंखा बंद कर, मंगळवार. मंगळवारच का, देव जाणे. झटका आला तो शुक्रवार होता.

डॉक्टर म्हणाले होते, "यांना समजतं सगळं. फक्त शब्द सापडत नाहीत." पण मी जन्मभर शब्दांवरच पोट भरलेली बाई. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याला सगळं समजतं, यावर माझा मनातून विश्वास बसला नाही. तोंडानं तसं कधी म्हटलं नाही, पण त्याच्या वतीनं मीच उत्तरं द्यायला लागले. "त्याला चहाच चालेल." "त्याला आता झोप आलीय." "त्याला नाही कळायचं ते, मला सांगा."

मागच्या निवडणुकीत तर त्याची सोबती म्हणून फॉर्मवर सही करून मी त्याच्याबरोबर आत गेले आणि बटणही मीच दाबलं. मला पटलेल्या उमेदवाराचं. शिकलेला, स्वच्छ बोलणारा माणूस होता. चंद्रप्रकाश तेव्हा "मंगळवार, मंगळवार" करत माझा हात ओढत होता. बाहेर आल्यावर तो केंद्राच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडला. झटक्यानंतर माणसं अशी उगाच रडतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी त्याला नारळपाणी पाजलं आणि घरी आणलं.

यंदा महापालिकेची निवडणूक आली. आमची सोसायटी म्हणजे म्हाडाची जुनी चार मजली इमारत पाडून झालेला बावीस मजली टॉवर. माणसं तीच, फक्त उंची वाढली. आमचे चेअरमन, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, एके दिवशी घरी आले.

"मॅडम, उमेदवारांना हॉलमध्ये बोलावू या. सात-सात मिनिटं बोलायला देऊ, प्रश्न विचारू आणि तुम्ही गुण द्या. आपण सुशिक्षित लोक आहोत यार, पारखून घेऊ. नाहीतर परत कोणीतरी येऊन बसेल, ज्याला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत."

मला ही कल्पना झकास वाटली. मी कपाटातून वक्तृत्व स्पर्धेची जुनी गुणपत्रिका काढली आणि वरचं शीर्षक तेवढं बदललं. विषयाची मांडणी पंचवीस, भाषा व उच्चार पंचवीस, आत्मविश्वास वीस, शिक्षण वीस, वेळेचं भान दहा. टेबलावरची घंटाही पुसून घेतली. नगरसेवक निवडायला आपण आंतरशालेय स्पर्धेचा तक्ता वापरतोय, यात काही चुकतंय असं मला, भाऊंना किंवा कमिटीतल्या एकालाही वाटलं नाही.

रविवारी सकाळी हॉल भरला. तिघांना बोलावलं होतं. त्यांतले अंबादासशेठ आलेच नाहीत. त्यांनी स्वतःच्या फोटोची कॅलेंडरं पाठवली. पहिल्यांदा बोलले सुयोग प्रभुदेसाई. वय अडतीस, एमबीए, पांढराशुभ्र शर्ट. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा अशा सफाईनं की ऐकत राहावं. सात मिनिटं व्हायला दहा सेकंद उरले असताना त्यांनी भाषण संपवलं. मी एकोणनव्वद गुण लिहिले.

मग लता हिवराळे उठल्या. हायवेलगतच्या वस्तीत राहणाऱ्या, माहेर बुलढाण्याकडचं. पंचेचाळिशीच्या असतील. निळी सुती साडी, हातात चार घड्या घातलेला कागद. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं, शिक्षण नववी, व्यवसाय रुग्णसेविका. म्हणजे ब्युरोकडून घरोघरी पेशंट सांभाळायला जाणाऱ्या बाई. शिक्षणाचे तीन गुण मी त्या बोलायच्या आधीच लिहून ठेवले होते.

"नमस्कार. मले लय बोलता येत नाही. कामाचं सांगते," त्या म्हणाल्या. "आपल्या दवाखान्यात फिजिओची खोली हाये. दीड वरीस झालं, कुलूप हाये. आत जुनी कपाटं ठेवली. मी खिडकीतून पाह्यलं." मग थांबल्या. कागद उलटा केला, सुलटा केला. "दुसरं. हायवेवरचा सिग्नल. म्हातारा मानूस निम्म्यात असतो तवर सिग्नल पडतो. मी मोजून पाह्यलं, पेशंटले घेऊन चालून पाह्यलं." पुन्हा थांबल्या. चांगल्या वीस सेकंद. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, "हिला मंत्रालयातून पत्र आलं तर वाचणार कोण?" मी माझं पेन चालवत होते. मी घंटा वाजवली तर म्हणाल्या, "वाजली का? बरं, एकच राह्यलं," आणि आणखी दीड मिनिट बोलल्या. बेरीज झाली एकतीस. चार गुणांनी नापास.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पार्किंग, कुत्री, मेट्रोचा राडारोडा. सुयोगना सगळं पाठ होतं. भाऊ आभार मानायला उठणार, एवढ्यात पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या चंद्रप्रकाशनं डावा हात वर केला.

सगळ्यांना तो हात ओळखीचा होता. मी परीक्षकाच्या टेबलावरून लगबगीनं त्याच्याजवळ गेले आणि तो हात खाली घेतला. "काही नाही, त्याला घरी जायचंय," मी म्हणाले.

त्यानं माझा हात झटकला आणि पुन्हा हात वर केला. "मंगळवार!"

लोक खाली फरशीकडे बघायला लागले. सुयोग फार सभ्यपणे हसले. "काका, तुम्ही आलात यातच सगळं आलं. थँक यू सो मच. भाऊ, पुढचा प्रश्न?" त्यात वाईट काही नव्हतं. मी स्वतःही तेच केलं असतं, नव्हे, दोन वर्षं तेच करत होते.

लताताई स्टेजवरून खाली उतरल्या. "मॅडम, तुमी जराशा बाजूले व्हा. काकाले घरी नाही जायचं. घरी जायचं असतं तं काठी धरली असती. ते हात वर करून राह्यले."

माझ्या नवऱ्याबद्दल मला शिकवणारी ही कोण, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याची काठी खरंच खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती. मी बाजूला झाले.

त्यांनी एक खुर्ची ओढली, त्याच्या डाव्या हाताला बसल्या आणि पाठीमागे बसलेल्या दीडशे माणसांना जणू विसरूनच गेल्या. "काका, मी इचारते. हो असलं तं मान हालवा, नाही असलं तं हात. घाई नाही. मले आज दुसरं काम नाही."

तब्येतीचं आहे का? हात हलला. सोसायटीचं? हात. घरचं? तो थांबला, मग पुन्हा हात. निवडणुकीचं? मान जोरजोरात हलली.

त्यांनी स्वतःच्या भाषणाचा कागद उलटा करून त्याच्या मांडीवर ठेवला आणि डाव्या हातात पेन दिलं. त्याच्या डाव्या हातात पेन द्यावं हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. अक्षर येत नाही म्हटल्यावर पेनाचं काय काम, असा माझा हिशेब. त्यानं हळूहळू एक लांबट चौकोन काढला. चौकोनाच्या कडेला एकाखाली एक गोल. मग एक हात. वेडावाकडा, पण हातच. एक बोट एका गोलावर टेकलेलं.

"मशीन," लताताई म्हणाल्या. मान हलली. "मत द्यायचं मशीन. मंग? कोनाले द्यायचं ते ठरत नाही?" हात इतक्या जोरात हलला की पेन खाली पडलं. त्यांनी ते उचलून परत दिलं आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या. मागे एक-दोघं घड्याळ बघत होते. एकजण उठून गेला. त्या त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या, आणि अशा वेळी चेहरा लालबुंद होऊन शेवटी ओरडणारा चंद्रप्रकाश आज ओरडला नाही. त्यानं पुन्हा पेन टेकवलं आणि त्या काढलेल्या हाताच्या मनगटावर दोन बांगड्या काढल्या. मग त्या हातावर मोठी फुली मारली. आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

मला कळलं. लताताईंच्याही आधी कळलं. माझ्या मनगटात त्याच दोन बांगड्या होत्या.

केंद्राची ती पायरी, ते हमसून रडणं, ते नारळपाणी, सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. लताताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांनाही समजलं होतं. पुढचा प्रश्न त्या सगळ्यांसमोर विचारू शकल्या असत्या, मॅडमनं दाबलं ते तुमच्या मनातलं होतं का, असा. तो त्यांनी विचारला नाही. तेवढ्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

त्या फक्त त्याला म्हणाल्या, "काका, तुमचा डावा हात चालते. मंग तुमीच दाबायचं. सोबती कोनाले, ज्याले दाबताच येत नाही त्याले. तुमी एकटे आत जायचं." मग माझ्याकडे बोट करून, "आन कोनी अडवलं तं या मॅडम हायेत ना. त्याहिच्याएवढं चांगलं बोलनारं कोन हाये?"

चंद्रप्रकाश हसला. दोन वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. सभेत सेक्रेटरीला कोंडीत पकडल्यावरचं त्याचं जुनं हसू. एका प्रश्नाला अकरा मिनिटं लागली होती. मी कुठल्या मुलाला अकरा सेकंदही दिले नव्हते.

"मॅडम," भाऊ घसा खाकरून म्हणाले, "निकाल?"

मी टेबलाशी गेले. गुणपत्रिका उचलली आणि तिची घडी केली. "भाऊ, निकाल नाही. मी गुण दिलेत, पण ते मी वाचून दाखवणार नाही. मागच्या वेळी माझ्या नवऱ्याचं मत मी दिलं. त्याला न विचारता, मला हवं तिथे. तो तिथेच उभा राहून नको म्हणत होता आणि मला वाटलं, याला काय कळतंय. मी कुणाची लायकी ठरवायची हे मला आज तरी जमायचं नाही." एवढं बोलताना मी तीनदा अडखळले. माझ्या तक्त्यात तीन गुण गेले असते. मग मी चंद्रप्रकाशच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळ्यांसमोर रडले. झटका वगैरे काही आलेला नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. लताताई, आणि काखेत पुठ्ठ्याचं नकली मतदान यंत्र. प्रचाराला निघताना कार्यकर्ते घेऊन फिरतात ना, तसलं. चौथ्या ओळीत त्यांचं नाव आणि चिन्ह छापलेलं, बाकीच्या ओळी कोऱ्या. दाबलं की पीं वाजायचं.

"काकाची प्रॅक्टिस घेऊ," म्हणाल्या आणि पर्समधून बँडेजची चिकटपट्टी काढून आधी स्वतःच्या नावावर आणि चिन्हावर चिकटवली.

"अहो, हे कशाला?" मी विचारलं.

"नाही तं काका तेच पाठ करतील. मंग तुमच्यात आन माझ्यात फरक काय?" त्या असं फटकन बोलून गेल्या. बोलणं बरोबर होतं.

दाबायला बसल्यावर भलतंच निघालं. चंद्रप्रकाशचं बोट पुठ्ठ्यावर डावीकडेच चाचपडत राहायचं. बटणांपर्यंत जायचंच नाही. मी म्हणाले, "बघा, नाही जमत त्याला." लताताईंनी मला थांबवलं आणि एक चमचा त्याच्या डोळ्यांसमोरून डावीकडून उजवीकडे नेला. अर्ध्यावर त्याची नजर सुटली.

"उजवीकडचं दिसत नाही काकाले. डोळे चांगले हायेत, झटक्यानं तिकडची बाजू गेली. असे लय पेशंट पाह्यले मी. जेवताना उजवीकडची भाजी ठेवत असतील ना?"

दोन वर्षं तो ताटातली कोशिंबीर, चटणी, लिंबू आणि समोरचा भात खायचा आणि उजवीकडची भाजी-आमटी तशीच ठेवायचा. मला वाटायचं, नखरे. मी त्याला रागवायचे. एकदा तर म्हणाले होते, "माझ्या हातची भाजी आता कडू लागते काय रे तुला?" बिचारा "मंगळवार" एवढंच म्हणाला होता.

"मान उजवीकडे वळवा, काका. अजून. अजून. हां, दिसलं? आता दाबा," लताताई म्हणाल्या. पीं वाजलं. मग त्यांनी त्याला प्रत्येक ओळीचं बटण दाबायला लावलं, कोऱ्या ओळींचंसुद्धा. त्या दुपारी मी त्याचं ताट अर्धं फिरवून ठेवलं आणि त्यानं वाटी पुसून भेंडीची भाजी खाल्ली. मी ओट्याशी उभी राहून लताताईंना मनातल्या मनात किती वेळा धन्यवाद दिले, मोजले नाहीत.

त्या निघताना मी त्यांना म्हणाले होते, "लताताई, मी तुम्हाला भाषण शिकवू का? उच्चार, कुठे थांबायचं ते. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे."

त्या चपला घालत हसल्या. "माझी पोरगी संघमित्रा तुमच्यासारखीच बोलते. वकिली शिकते. आयकाले बरं वाटते. पन मले आता कुठं वेळ? त्यापक्षा दवाखान्याच्या त्या खोलीचा अर्ज लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं असन." मी अर्ज लिहिला. तीन लिहिले.

लताताई एकशे बारा मतांनी पडल्या, हे आमच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. माझं मत त्यांना होतं. हरल्यावर तिसऱ्या दिवशी त्या मला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथे त्या बोलल्या, मी वाचलं, आणि गेल्या महिन्यात त्या खोलीतली कपाटं हलली. पण मला सांगायचंय ते मतदानाच्या दिवसाचं.

केंद्र एका शाळेत होतं. रांग बरीच होती, पण आम्हाला पुढे सोडलं. टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं. चंद्रप्रकाशनं ओळखपत्र पुढे केलं आणि म्हणाला, "मंगळवार."

त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आजी, तुम्हीच जा ना त्यांच्याबरोबर आत. सोबती म्हणून फॉर्म भरा आणि दाबून टाका. लाइन बघा किती आहे."

"त्यांचा डावा हात चालतो. ते एकटे जातील," मी म्हणाले.

"पण त्यांना बोलता येत नाही हो."

"बटण दाबायला बोलावं लागतं का?"

माझा आवाज जरा वर्गातला निघाला. केंद्राध्यक्ष उठून आले, त्यांनी चंद्रप्रकाशकडे नीट बघितलं आणि मान डोलावली. डाव्या तर्जनीला शाई लागली. तो काठी टेकत टेकत पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला.

मी दारापाशी उभी राहिले. तिथून त्याचा फक्त खांदा आणि डोकं दिसत होतं. एक मिनिट गेलं. डोकं सरळच होतं, वळलं नव्हतं. हात पुढे गेला, मागे आला. दोन मिनिटं. मागून कुणीतरी म्हणालं, "काय झोपले काय आजोबा आतमध्ये?" मी वळून त्या माणसाकडे अशा नजरेनं बघितलं, जिच्यापुढे बत्तीस वर्षांत कुठलं पोरगं टिकलं नव्हतं.

पण माझं मलाच आवरत नव्हतं. उजवीकडे, अरे उजवीकडे मान वळव, एवढं ओरडलं असतं तर झालं असतं. चार पावलं पुढे गेले असते तरी झालं असतं. केंद्राध्यक्षांनीही मला विचारलं, "मदत करता का, आजी?" मी पदराचं टोक मुठीत गच्च धरून नाही म्हणाले. लताताई थांबल्या होत्या तशी थांबले. त्यांना ते जमायचं, मला फार जड गेलं.

आणि मग ते डोकं वळायला लागलं. थोडं. अजून थोडं. अजून.

पींऽऽ करून यंत्र वाजलं. खऱ्या यंत्राचा आवाज पुठ्ठ्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी लांब असतो. मला तो अजून ऐकू येतो.

तो बाहेर आला तेव्हा कपाळावर घाम होता आणि पाठ ताठ होती. फाटकाशी पोचेपर्यंत मी दम धरला. मग खोड कुठली जायला! मी विचारलंच, "काय रे, कुणाला दिलंस?"

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. शाई लागलेलं बोट ओठांवर ठेवलं आणि डोळे मिचकावले.

दोन वर्षं त्याची आंघोळ, त्याची औषधं, त्याची झोप, त्याचं रडणं सगळं माझ्या हातात होतं. माझ्यापासून लपवावं असं त्याच्याजवळ काही म्हणता काही उरलं नव्हतं. आज होतं. लताताईंना दिलं की सुयोगना की आणखी कुणाला, मला आजही माहीत नाही, आणि मी परत विचारलेलं नाही.